लेखक-चित्रकाराची जोडी शंभर अंक कशी टिकते?

तुमची अडचण थोडक्यात अशी: तुम्ही लिहिता, मित्र चित्रे काढतो. सुपरहीरो मालिकेचे तीन अंक झाले आणि चौथ्याच्या चौदाव्या पानावर गाडी अडली. स्क्रिप्टमध्ये नायक संतापून आपल्या जुन्या घराचा दरवाजा उखडतो. मित्राने मात्र त्याला त्याच दरवाज्याशी बसवला, मुखवटा हातात, चार चौकटी, काहीही हालचाल नाही. तुम्ही वर ‘त्याचे रक्त उकळत होते’ अशी निवेदनाची पट्टी टाकलीत आणि त्यानंतर दोन आठवडे त्याच्याकडून एकही पान आलेले नाही. स्टॅन ली-जॅक कर्बी, ब्रायन बेंडिस-मार्क बॅगली अशा अमेरिकन लेखक-चित्रकार जोड्या शंभर-शंभर अंक कशा टिकल्या आणि यापुढे एकेक चौकट बांधून देणारी पूर्ण स्क्रिप्ट लिहावी का, असे तुम्ही विचारले आहे.

मी अकरा वर्षे एकाच चित्रकाराबरोबर एकच मालिका लिहिते आहे, म्हणून उत्तर आधी देते आणि कारणे मागून. पूर्ण स्क्रिप्ट लिहून हे सुटणार नाही. मित्राने स्क्रिप्ट बदलली हे खरे, पण तो थांबला आहे तो तुमच्या पट्टीमुळे. आलेले चित्र न वाचता तुम्ही मनातल्या चित्राला मजकूर लिहिलात.

पद्धतीचा प्रश्न आधी बाजूला करू. या धंद्यात मुख्यतः दोन पद्धती आहेत. पूर्ण स्क्रिप्टमध्ये पान, चौकटी, प्रत्येक चौकटीत कोण काय करतो आणि काय बोलतो, सगळे आधी लिहिलेले असते. दुसरी पद्धत १९६० च्या दशकात मार्व्हल या अमेरिकन चित्रकथा-कंपनीत रुळली, म्हणून तिला मार्व्हल पद्धत म्हणतात: लेखकाने गोष्टीचा सांगाडा द्यायचा, चित्रकाराने त्यावरून पाने रचायची आणि पाने परत आली की लेखकाने संवादांचे फुगे भरायचे. ली-कर्बी या दुसऱ्या पद्धतीने चालले, बेंडिस-बॅगली पहिल्या. दोन्ही जोड्यांनी शंभरी ओलांडली. तेव्हा टिकण्याचे कारण पद्धतीत शोधण्यात अर्थ नाही.

‘फॅन्टॅस्टिक फोर’चा पहिला अंक नोव्हेंबर १९६१ च्या तारखेने निघाला आणि जॅक कर्बीने काढलेला सलग एकशेदोनावा अंक सप्टेंबर १९७० चा. मधल्या काळात तीच जोडी इतर मालिकाही चालवत होती. सुरुवातीला स्टॅन ली टाइप केलेला सारांश द्यायचा. पुढे काम इतके वाढले की सारांश बोलण्यापुरता उरला, कधी दोन-चार वाक्यांचा. मग वीस पानांत काय कुठे घडते, कोण आत येतो, कोणाचा चेहरा किती मोठा, हे सगळे कर्बी ठरवायचा आणि पानाच्या कडेला पेन्सिलीने टिपा लिहायचा: इथे हा असे म्हणतो आहे, इथे त्याला शंका येते. मूळ पानांवर त्या टिपा आजही दिसतात. चित्रकथा लिहिणाऱ्याने त्यांतली काही पाने छापील अंकाशेजारी ठेवून जरूर पाहावीत. कर्बीची टीप सरळ आणि रोखठोक असते. लीचा फुगा तोच अर्थ घेतो, पण त्याला त्या पात्राचा आवाज देतो. त्या चमूतल्या बेन ग्रिमचा आवाज वेगळा, रीडचा वेगळा. कधी कधी लीने टीप बाजूला सारून अर्थच फिरवलेला दिसतो, आणि तिथे जोडीतला ताणही दिसतो.

अठ्ठेचाळिसाव्या अंकाची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते, तरी तुमच्यासाठी ती पुन्हा सांगते. १९६६ च्या सुरुवातीच्या त्या तीन अंकांत ग्रह गिळणारा गॅलॅक्टस पृथ्वीवर येतो. पाने हाती आली तेव्हा लीला त्यांत एक चंदेरी माणूस फळीवर उभा राहून आकाशातून जाताना दिसला. हा ठरलेला नव्हता. एवढ्या बलाढ्य देवाच्या पुढे त्याचा कोणी दूत असायला हवा, असे कर्बीला वाटले आणि त्याने तो काढला. आता तुमच्या चौदाव्या पानाचा विचार करा. ‘हे आपले ठरलेले नव्हते’ म्हणून ली ती फळी खोडायला सांगू शकला असता. तो संपादकही होता. त्याने त्या पात्राला फक्त त्याच्यासाठी अशी एक गंभीर, थोडी उंचावरची भाषा दिली, आणि सिल्व्हर सर्फर घडला. चित्रकाराने अनपेक्षित काही दिले आणि लेखकाने त्याला साजेसे उत्तर दिले. लांब पल्ल्याच्या जोडीची सगळी ताकद मला या एका देवाणघेवाणीत दिसते.

पण तिचा पुढचा भागही ऐका. १९६८ मध्ये सर्फरची स्वतंत्र मालिका निघाली. ती लीने लिहिली आणि चित्रे जॉन बुसेमाला दिली. तिच्यात सर्फर हा मुळात दुसऱ्या ग्रहावरचा, प्रेयसीला मागे सोडून आलेला माणूस निघाला. कर्बीच्या कल्पनेत तो माणूस कधीच नव्हता. तो शुद्ध ऊर्जेतून घडलेला, माणूसपण नव्याने शिकणारा जीव होता. बुसेमाची चित्रे अप्रतिम आहेत, त्याबद्दल माझे दुमत नाही. तरीही ज्याने ते पात्र कोऱ्या कागदावर आणले त्याला न विचारता त्याचा जन्म लिहिला गेला, आणि ते मला आजही खटकते. त्याआधी जानेवारी १९६६ मध्ये न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यूनमध्ये या दोघांवर लेख आला होता, त्यात ली कल्पनांचा झरा ठरला आणि कर्बी कारखान्यातल्या मुकादमासारखा रंगवला गेला. एकेक गोष्ट साठत गेली. पुढच्या काळात कर्बीने मार्व्हलला नवी पात्रे देताना हात आखडता घेतला आणि १९७० मध्ये डीसी या प्रतिस्पर्धी कंपनीकडे गेल्यावर एकामागून एक नवे देव, नवी जगे कागदावर ओतली. नऊ वर्षांची जोडी मोडली तेव्हा त्याच्या डोक्यात एवढे शिल्लक होते, याचा विचार करून मला वाईट वाटते.

मैत्री असली की जोडी टिकते, असा एक समज आहे. मला तो अपुरा वाटतो. स्पायडर-मॅनच्या पहिल्या अडतीस अंकांत ली आणि स्टीव्ह डिटको यांचे संबंध इतके ताणले गेले की शेवटचे वर्षभराहून अधिक काळ ते एकमेकांशी बोलतही नव्हते. डिटको पाने निर्मिती-व्यवस्थापकाच्या हाती द्यायचा, ली ती पाहून संवाद लिहायचा. १९६५ पासून कथानकाचे श्रेय डिटकोच्या नावावर छापले जाऊ लागले होते. याच अबोल्यात तेहतिसावा अंक झाला: पीटर, म्हणजे मुखवट्यामागचा स्पायडर-मॅन, अवजड यंत्राखाली अडकला आहे, पाणी चढते आहे, आणि पान उलटता उलटता चौकटी मोठ्या होत जातात, शेवटी पूर्ण पानावर तो यंत्र उचलतो. दोघांत शब्द नव्हता, पण लीने ती पाने नीट वाचली होती हे प्रत्येक फुग्यात कळते. अर्थात अबोला फार दिवस झेपत नाही. १९६६ मध्ये डिटको गेलाच. मुद्दा एवढाच की कामावरचा विश्वास आणि माणसाशी मैत्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमची मैत्री जुनी असल्यामुळे तुम्ही पहिलीची मशागत केली नसावी, अशी मला शंका आहे.

तुमच्या प्रसंगाच्या सगळ्यात जवळचे उदाहरण मात्र ‘एक्स-मेन’चे आहे. क्रिस क्लेअरमाँट आणि जॉन बायर्न यांनी १९७७ च्या शेवटापासून १९८१ पर्यंत, अंक १०८ ते १४३, जे केले त्यावर ती मालिका पुढे कित्येक वर्षे जगली. दोघे कथानक एकत्र रचायचे, बायर्न पाने काढायचा, मग क्लेअरमाँट शब्द घालायचा. पात्रांबद्दल त्यांचे एकमत क्वचितच व्हायचे, आणि माझ्या मते त्या अंकांची धग बरीचशी त्या ओढाताणीतून आली. शेवटचा खटका कशावरून उडाला? १४० व्या अंकात कोलॉसस हा पोलादी अंगाचा नायक झाडाचा बुंधा उपटतो. बायर्नने मुलाखतींतून सांगितले आहे की त्याने तो सहज, जणू गवताची काडी ओढावी तसा उपटताना काढला होता; छापून आले तेव्हा वरच्या मजकुरात त्याला ते जड जात होते. एवढ्याशा गोष्टीवरून त्याने मालिका सोडायचे ठरवले. बाहेरून हे क्षुल्लक वाटते. पण चित्रकाराच्या जागी बसून पाहा: हात दुखेपर्यंत त्याने जे दाखवले त्याच्या नेमके उलट तुम्ही त्याच्याच चित्रावर लिहून ठेवता, आणि वाचक शब्दांवर विश्वास ठेवतो. बुंधा हे निमित्त होते. त्यामागे तीन वर्षांचे असे कित्येक फुगे होते. तुमचे ‘रक्त उकळत होते’ त्याच जातीचे आहे, फरक एवढाच की तुमच्याकडे अजून तीनच अंकांचा साठा आहे.

मी स्वतः हे केले आहे. आमच्या नवव्या अंकात एक आई आपल्या मुलाला सत्य सांगते असा प्रसंग होता. मी तिच्या तोंडी अकरा फुगे लिहिले होते. चित्रकाराने चौकटींची रचना अशी केली की तिचा चेहरा फक्त पहिल्या आणि शेवटच्या चौकटीत. मधल्या सगळ्या चौकटींत तिचे हात, ती घडी घालत असलेला कपडा. मी अकराच्या अकरा फुगे त्या हातांवर चिकटवले. अंक निघाला, पान गुदमरले. त्याने तेव्हा काही म्हटले नाही. चार महिन्यांनी, दुसऱ्याच कशावरून तरी बोलताना, त्याने सांगितले की त्या पानापासून तो हात जपून काढतो, कारण काढले तरी झाकले जातील असे त्याला वाटते. म्हणजे चार महिने मला त्याचे अर्धेच काम मिळत होते आणि मला पत्ताही नव्हता. त्या दिवसापासून मी एक नियम पाळते. पाने आली की स्क्रिप्ट बंद करून ठेवते, पाने एकदा शब्दांशिवाय वाचते आणि मग संवाद नव्याने लिहिते. स्क्रिप्टमधले संवाद तात्पुरते आहेत हे मी त्याला पहिल्या ओळीतच लिहून देते. साधारण तिसरा हिस्सा फुगे गळतात. काही वेळा एखादा वाढतोही, कारण चेहऱ्यावर असे काही दिसते जे मला सुचलेले नव्हते.

पूर्ण स्क्रिप्टमध्येही हे शक्य आहे, याचा पुरावा म्हणून ब्रायन मायकेल बेंडिस आणि मार्क बॅगली यांची ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’ घ्या. २००० मध्ये सुरू झाली आणि २००७ मध्ये १११ व्या अंकाशी बॅगली थांबला तेव्हा ली-कर्बीचा १०२ चा सलग आकडा मागे पडला होता. सात वर्षांत १११ म्हणजे महिन्याला एकाहून जास्त अंक. या वेगाने काढणारा चित्रकार एकीकडे आणि बोलकी, अडखळत्या संवादांची स्क्रिप्ट देणारा लेखक दुसरीकडे. १९६२ मधली स्पायडर-मॅनची मूळ जन्मकथा अकरा पानांची होती. या दोघांनी ती पहिल्या सात अंकांत उलगडली. तेराव्या अंकात पीटर मेरी जेनला आपले गुपित सांगतो आणि जवळजवळ पूर्ण अंक एका खोलीत, दोन मुलांच्या बोलण्यात जातो. मारामारी नाही, इमारती नाहीत. असा अंक हाती घेऊन बहुतेक अ‍ॅक्शन-चित्रकार वैतागतील. बॅगलीने खांदे, मान, पलंगावर बसण्याची ढब यांवर अंक पेलला. आणि बेंडिस त्याला असे अंक देऊ शकला, कारण तो स्वतः आधी चित्रकथा काढत असे. एका खोलीत वीस पाने काढणे म्हणजे काय हे त्याला हातातून माहीत होते. तुम्ही चित्रे काढत नसाल तर निदान प्रत्येक पानाचे तळहाताएवढे कच्चे आराखडे काढून बघा, काड्यांची माणसे चालतील. ‘गर्दीत शंभर माणसे धावतात’ हे लिहायला तुम्हाला पाच सेकंद लागतात आणि त्याला दोन दिवस. हे एकदा स्वतःच्या मनगटाला कळले की स्क्रिप्ट आपोआप बदलते.

चित्रकाराला काय काढायला आवडते, हा प्रश्न लेखक फार कमी विचारतात. मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांच्या ‘न्यू टीन टायटन्स’मध्ये पेरेझ पुढे कथानकातही भागीदार झाला. त्याला गर्दी, सूक्ष्म तपशील, प्रत्येक चेहरा वेगळा काढणे यांचा अक्षरशः सोस होता आणि ती मालिका त्याच अंगाने वाढली. जानेवारी १९८४ च्या अडतिसाव्या अंकात डॉना ट्रॉय कोण, याचा शोध रॉबिन घेतो. मारामारीशिवाय, जुन्या वस्तूंचे धागे जुळवत. पानाच्या कोपऱ्यातली बाहुलीसुद्धा मन लावून काढणारा चित्रकार सोबत नसेल तर अशी गोष्ट लिहिण्याचे धाडस लेखक करत नाही.

आणखी दोन-तीन माणसांना विसरू नका. आपण ‘जोडी’ म्हणतो, पण ‘फॅन्टॅस्टिक फोर’च्या चव्वेचाळिसाव्या अंकापासून कर्बीच्या पेन्सिलीच्या पानांना जो सिनॉटच्या शाईने जी सफाई आली ती काढून टाकली तर ते अंक आपल्याला आठवतात तसे राहणार नाहीत. क्लेअरमाँटच्या लांबलचक मजकुराला टॉम ऑर्झेकोव्स्कीच्या अक्षरांनी वर्षानुवर्षे जागा करून दिली. तुमच्याकडे लेटरिंग करणारी, म्हणजे फुग्यांत अक्षरे भरणारी, व्यक्ती वेगळी असेल तर या भांडणात तिचे मत घ्या. फुगे कुठे गुदमरतात हे तिला सगळ्यांच्या आधी दिसते.

आता पैशाचे आणि नावाचे. हे बोलताना मित्रांना संकोच वाटतो, आणि म्हणूनच ते राहून जाते. कर्बीला स्वतःच्या हाताने काढलेली मूळ पाने परत मिळवण्यासाठी मार्व्हलशी वर्षानुवर्षे झगडावे लागले. १९८७ मध्ये काही मिळाली, तीही त्याने काढलेल्यांच्या मानाने थोडी. १९९४ मध्ये तो गेला. हक्कांवरून त्याच्या वारसांचा आणि कंपनीचा वाद २०१४ मध्ये तडजोडीने मिटला, म्हणजे ‘फॅन्टॅस्टिक फोर’च्या पहिल्या अंकानंतर ५३ वर्षांनी. कोणी काय निर्माण केले याची त्या वेळी दोघांच्या सहीची एक चिठ्ठी असती तर? याउलट ‘इन्व्हिन्सिबल’ पाहा. लेखक रॉबर्ट किर्कमन आणि चित्रकार कोरी वॉकर यांनी ती २००३ मध्ये इमेज या प्रकाशनाकडे सुरू केली, जिथे हक्क निर्मात्यांकडे राहतात. आठव्या अंकापासून चित्रे काढायला रायन ओटली आला आणि २०१८ मध्ये १४४ व्या अंकाशी मालिका निर्मात्यांना हवी तिथे संपली. वॉकर मधूनमधून परत येऊन काढत राहिला, सहनिर्माता म्हणून त्याचे नाव राहिले. चित्रकार बदलूनही कोणाचे नाव पुसले गेले नाही, ही मला त्या मालिकेतली फार मोठी गोष्ट वाटते.

तुम्ही दोघे आज एका कागदावर एवढे लिहा: पात्रे कोणाची (माझे मत: दोघांची, निम्मी-निम्मी, सुचली कोणालाही असोत), मूळ पाने कोणाची (चित्रकाराची), एकजण थांबला तर दुसऱ्याने पुढे चालवायचे की नाही, आणि अंकावर नावे कशी छापायची. आमच्या अंकावर ‘लेखन’ आणि ‘चित्रे’ असे वेगळे छापत नाही. ‘कथा’ या एका शब्दासमोर दोन्ही नावे असतात. ते करायला आम्हाला सहा अंक लागले आणि त्या सहा अंकांबद्दल मला अजून अपराधी वाटते.

चौदाव्या पानाकडे परत येते. निवेदनाची पट्टी काढा. ज्याने स्क्रिप्ट वाचलेली नाही अशा एखाद्याला तेरा, चौदा, पंधरा ही तीन पाने शब्दांशिवाय दाखवा आणि नायकाला काय वाटते आहे ते विचारा. ‘दमलाय’, ‘आत जायची भीती वाटते’ असे काही उत्तर आले तर तुमच्या मित्राने तुमच्या नायकाबद्दल तुमच्याआधी काहीतरी ओळखले आहे. उत्तर ‘काही कळत नाही’ असे आले, तर चौथी चौकट पुन्हा काढायला सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. चित्रकाराचा मान राखायचा म्हणजे प्रत्येक पान निमूटपणे घ्यायचे असे मी म्हणत नाही. तेव्हा ‘स्क्रिप्टमध्ये असे नव्हते’ म्हणू नका, ‘वाचकाला इथे हे कळले नाही’ म्हणा. पहिल्या वाक्यावर तो फक्त बचाव करू शकतो, दुसऱ्यावर काम करू शकतो.

आणि त्याला लिहून पाठवू नका, फोन करा. पट्टी काढली आहे हे सांगा आणि तो नायक तिथे का बसला, हे विचारा. चित्र आले त्याच दिवशी विचारायला हवे होते. तुमच्या गोष्टीत तो दरवाजा अजून बंद आहे. तो पंधराव्या पानावर उघडायचा, पाचव्या अंकात उघडायचा की कोणीतरी आतून उघडायचा, हे आता तुम्हाला एकट्याला ठरवता येणार नाही.